ग्राहकाचे ऐकणे : व्यवहारातील एक दुर्लक्षित कौशल्य

श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन अशी भाषेची चार कौशल्ये प्राथमिक शिक्षणात मानली जातात आणि त्यांत श्रवणाला पहिले स्थान दिले जाते. नवविधा भक्तीतही पहिली भक्ती श्रवणाचीच. असे असूनही शाळेत मुलाला वाचनाचे गुण मिळतात, लेखनाचे मिळतात, वक्तृत्वाची बक्षिसे मिळतात. ऐकण्याची परीक्षा मात्र क्वचितच घेतली जाते. पुढे हाच विद्यार्थी दुकान चालवू लागतो, सहकारी संस्थेचा चिटणीस होतो किंवा एखाद्या कार्यालयात जनतेला सामोरा जाणाऱ्या खिडकीवर बसतो. तेव्हा त्याला बोलता येते, लिहिता येते, हिशेबही चोख येतो. समोरचा काय म्हणत आहे हे समजून घेण्याचे शिक्षण मात्र त्याला कोणी दिलेले नसते.

ही उणीव केवळ आपल्याकडचीच आहे असे नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात राल्फ निकोल्स या प्राध्यापकांनी या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि 1957 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वसाधारण माणसाने कितीही लक्षपूर्वक ऐकल्याचे म्हटले, तरी ऐकून झाल्यानंतर लगेच विचारले असता त्याला त्यातील सुमारे निम्माच भाग आठवतो आणि दोन महिन्यांनंतर तर पाव हिस्साच उरतो, असे त्यांना आढळून आले. त्याचे कारणही त्यांनी सांगितले. माणूस मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द बोलतो. परंतु ऐकणाऱ्याचे मन त्याहून कितीतरी वेगाने धावत असते. हा जो मधला रिकामा वेळ उरतो, त्यात मन भलतीकडे भटकते. व्यापाऱ्याचे किंवा अधिकाऱ्याचे मन तर एका ठरावीक ठिकाणीच जाते : आता याला उत्तर काय द्यावयाचे? ग्राहकाचे वाक्य पुरे होण्यापूर्वीच उत्तर तयार झालेले असते. ते उत्तर बरोबर असले तरी प्रश्न पुष्कळदा दुसराच असतो.

निघून जाणारे आणि बोलणारे

ग्राहकाचे ऐकले नाही म्हणून व्यवसायाचे काय बिघडते, याचा सर्वांत मार्मिक विचार अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी 1970 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केला आहे. त्यांच्या विचाराला चालना मिळाली ती नायजेरियातील रेल्वेच्या उदाहरणावरून. त्या देशाच्या उत्तर भागात भुईमूग पिकतो आणि तो दूरच्या बंदरापर्यंत न्यावा लागतो. एवढ्या लांबच्या अंतराला रेल्वे स्वस्त पडावी, हे उघड होते. तरीही माल मोठ्या प्रमाणावर मालमोटारींनी जाऊ लागला. स्पर्धा आली की रेल्वे सुधारेल, असा सर्वसामान्य समज. घडले ते उलटेच. जे व्यापारी सर्वांत चौकस होते, ज्यांनी दिरंगाईबद्दल वरपर्यंत आरडाओरडा केला असता, तेच सर्वांआधी मालमोटारींकडे वळले. त्यांच्याबरोबर त्यांचा आवाजही गेला. मागे राहिले ते मुकाट्याने सोसणारे. सरकारी पैशावर चालणाऱ्या रेल्वेला उत्पन्न घटल्याची फारशी झळ लागली नाही आणि तक्रार करणारे तर उरलेच नव्हते. त्यामुळे कारभार होता तसाच चालू राहिला.

असंतुष्ट ग्राहकापुढे दोन मार्ग असतात : निघून जाणे किंवा बोलणे. निघून जाणारा माणूस कारण सांगत नाही. बोलणारा मात्र, त्याचे बोलणे कितीही कडू असले तरी, अजून नाते तोडू इच्छित नसतो. म्हणून ज्या संस्थेच्या तक्रार-वहीची पाने कोरी आहेत ती उत्तम चालली आहे, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. ती वही मागण्यात अर्थ नाही, अशी लोकांची खात्री पटली असण्याचाही संभव असतो.

हा विचार दुकानापुरता मर्यादित नाही. गावाच्या नळपाणी योजनेत शेवटच्या टोकाला पाणी कमी दाबाने येते. ज्याची ऐपत आहे तो अंगणात कूपनलिका घेतो आणि ग्रामसभेत पाण्याचा विषय काढणे सोडून देतो. ज्याची ऐपत नाही तो पाणीपट्टी थकवतो. पंचायतीच्या दप्तरात त्याची नोंद थकबाकीदार म्हणून होते. पण तो थकबाकीच्या रूपाने काही सांगत आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. शाळेचेही तसेच. वर्गात काय शिकवले जाते याची बारकाईने चौकशी करणारा पालक एके दिवशी मुलाचे नाव काढून शहरातील खाजगी शाळेत घालतो. पटावरील एक आकडा कमी होतो. प्रत्यक्षात शाळेला प्रश्न विचारणारा एक माणूस कमी झालेला असतो आणि त्याची किंमत गावातच राहणाऱ्या मजुरांच्या मुलांना मोजावी लागते.

शब्द एक, अर्थ दुसरा

ऐकणे म्हणजे ग्राहक जे मागेल ते देणे, असाही एक गैरसमज आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात 1909 सालचे एक पत्र जतन करून ठेवले आहे. ओखिलचंद्र सेन नावाच्या एका बंगाली प्रवाशाने ते साहिबगंजच्या विभागीय रेल्वे कार्यालयाला पाठविले होते. फणस जास्त खाल्ल्यामुळे पोट बिघडले, म्हणून ते अहमदपूर स्थानकावर उतरले. तेवढ्यात गार्डाने शिटी फुंकली. एका हाती लोटा व दुसऱ्या हाती धोतर सावरीत ते धावले आणि सगळ्यांसमोर फलाटावर पडले. गाडी निघून गेली. पत्राची इंग्रजी भाषा इतकी मोडकीतोडकी आहे, की आजही लोक ते हसण्यासाठीच वाचतात. गार्डाला जबर दंड करावा, नाहीतर वर्तमानपत्रात प्रकरण देईन, अशी त्यांची मागणी होती. त्यानंतर खालच्या वर्गाच्या डब्यांतून शौचालयाची सोय करण्यात आली, असे रेल्वेच्या इतिहासात सांगितले जाते.

या पत्रात शौचालयाची मागणी नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. प्रवाशाने दंड मागितला होता. गार्डाला दंड करून किंवा तो नियमानुसार वागला असे कळवून प्रकरण मिटविता आले असते. दोन्ही प्रकारे कागद निकालात निघाला असता. परंतु तक्रारदार जे मागतो आणि त्याला ज्याची गरज असते, त्या दोहोंत अंतर असू शकते. ते अंतर ओळखणे हे ऐकण्यातील खरे काम होय. शिवाय, तक्रारीची भाषा अशुद्ध आहे, अर्ज विहित नमुन्यात नाही, अर्जदार तावातावाने बोलतो, अशा कारणांनी आशयाकडे पाठ फिरवण्याची सवय कार्यालयांना लवकर लागते. ज्याला नेमके शब्द सापडत नाहीत त्याचीच अडचण बहुधा मोठी असते.

नेमका याउलट अनुभव 1985 साली अमेरिकेत कोका-कोला या बलाढ्य कंपनीला आला. प्रतिस्पर्धी पेय अधिक गोड असल्याने लोकांना आवडते, असे दिसल्यावर कंपनीने नवी चव तयार केली आणि सुमारे दोन लाख लोकांना ती चाखावयास देऊन त्यांचे मत घेतले. बहुसंख्यांना नवी चव पसंत पडली. 23 एप्रिल 1985 रोजी जुने पेय बंद करून नवे बाजारात आणल्याची घोषणा झाली. त्यापूर्वी कंपनीकडे दिवसाला 400 च्या आसपास दूरध्वनी येत असत. जून महिन्यात ते 1,500 पर्यंत गेले आणि बहुतेक सगळे संतापाचेच होते. लोकांनी जुन्या बाटल्यांचा साठा करून ठेवला, निषेधासाठी मंडळे काढली. अखेर 79 दिवसांनी, 11 जुलै रोजी, जुने पेय परत आणण्यात येत असल्याचे कंपनीला जाहीर करावे लागले.

दोन लाख लोकांना विचारूनही चूक का व्हावी? विचारणा घोटभर चवीची होती. लहानपणापासून घराघरांत चालत आलेली वस्तू उद्यापासून मिळणार नाही, हे ऐकून माणसाला काय वाटेल, हा प्रश्न चवीच्या चाचणीत बसणारा नव्हता. पैसा, वेळ आणि कौशल्य कितीही खर्ची घातले तरी लोकांचा जिव्हाळा मोजता आला नसता, अशी कबुली कंपनीच्या अध्यक्षांनीच पुढे दिली. प्रश्नावली म्हणजे ऐकणे नव्हे. प्रश्न विचारणाऱ्याने आधीच चौकट आखलेली असते आणि ग्राहकाला तिच्या आतच बोलावे लागते. विकास योजनांच्या पाहणीत 'होय' किंवा 'नाही' एवढेच रकाने छापणाऱ्यांनी हे उदाहरण आठवणीत ठेवण्यासारखे आहे. एक गोष्ट मात्र त्या कंपनीच्या बाजूने सांगितली पाहिजे. घोषणेनंतर आलेला संताप तिने अडीच महिन्यांतच मान्य केला. अनेक संस्थांना तेवढेही जमत नाही.

नांगराचा संशय

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातही या विषयाला धरून एक प्रसंग आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा तो घेण्यास शेतकरी पुढे येईनात. लोखंडामुळे जमीन विषारी होते, असा समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. पुढे 1910 साली औंध संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ किर्लोस्करवाडीची वसाहत उभी राहिली आणि त्या नांगरांचा प्रसार दूरवर झाला.

शेतकऱ्याच्या या समजाला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्याच्या जागी उभे राहून पाहिले तर वेगळे दिसते. त्याच्याकडे जमीन एकच, हंगाम एकच. नवे अवजार फसले तर वर्षभराचे धान्य बुडणार. लोखंडाचे विष हा त्याने सांगितलेला शब्द. मनातली खरी गोष्ट जोखमीची. अशा ग्राहकाला रसायनशास्त्र सांगून उपयोग नसतो. शेजारच्या शेतात नांगर चालताना आणि तिथले पीक उभे राहिलेले त्याला दिसावे लागते. सुधारित बियाणे असो वा ठिबक सिंचन, कृषी विस्ताराचे काम करणाऱ्यांना प्रात्यक्षिकाचे महत्त्व कळते ते याच अनुभवातून. आणखी एक उल्लेखनीय गोष्ट अशी, की याच कारखान्यातून 1920 साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघाले. कारखान्याची व त्याच्या मालाची माहिती देण्यासाठी सुरू झालेले हे पत्र पुढे मराठीतील एक प्रमुख मासिक बनले. उद्योगाने आपल्या गिऱ्हाइकाशी नियमित संवाद ठेवावा, ही कल्पना आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच रुजली होती.

ऐकले जाण्याचा हक्क

ग्राहकाचे ऐकणे हा एकेकाळी केवळ दुकानदाराच्या भलेपणाचा भाग होता. 15 मार्च 1962 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी तेथील संसदेला पाठविलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क सांगितले. सुरक्षितता, माहिती आणि निवड यांच्या जोडीला 'ऐकले जाण्याचा हक्क' त्यांनी मांडला. महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले. 1975 साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. तिची पद्धत मुद्दाम पाहण्यासारखी आहे. कुटुंबांचे छोटे संघ करावयाचे, कोणाला काय व किती हवे ते आधी नोंदवून घ्यावयाचे आणि मग एकत्रित खरेदी करून वाटप करावयाचे. माल आधी आणून गिऱ्हाईक शोधण्याच्या रूढ रीतीची ही अगदी उलट बाजू होय.

1986 च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने ऐकले जाण्याच्या हक्काला देशात कायद्याचे रूप दिले. त्याची जागा घेणारा 2019 चा अधिनियम 20 जुलै 2020 पासून अमलात आला. ग्राहक जेथे राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला आता तक्रार दाखल करता येते आणि वस्तू वा सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास त्यासाठी शुल्क पडत नाही. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात करावे, असे 2020 चे नियम सांगतात. शासकीय सेवांच्या बाबतीत महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 आहे. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा 1915 हा क्रमांक शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवण्यासारखा आहे.

मात्र आयोगापर्यंत पोचलेली प्रत्येक तक्रार आधी कोणाच्या तरी समोर बोलली गेलेली असते आणि तेथे ती ऐकली गेलेली नसते. कायद्याने ऐकावयास भाग पाडता येते. ऐकण्याची रीत शिकवता येत नाही. अनेक बँका व कार्यालयांतून ग्राहकाचे माहात्म्य सांगणारे एक वचन महात्मा गांधींच्या नावाने चौकटीत लावलेले असते. गांधीजींच्या समग्र वाङ्मयात त्याला आधार सापडत नसल्याचे अभ्यासक सांगतात. ते कोणाचेही असो. त्या चौकटीखाली बसलेला माणूस मान वर करून पाहतो की नाही, यावर सारे अवलंबून आहे.

बचत गटाच्या मांडणीवर

आज हा विषय सर्वांत तातडीचा झाला आहे तो गावोगावच्या महिला बचत गटांसाठी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी. पापड, मसाले, चटण्या, काकवी असा माल तयार करण्यात या भगिनी वाकबगार आहेत. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात आणि जिल्हा महोत्सवांत त्यांचा माल खपतोही. परंतु पहिल्यांदा कौतुकाने घेणारे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते की नाही, यावर गट टिकणार की बँकेचे कर्ज डोक्यावर घेऊन बंद पडणार, हे ठरते.

समजा, एक गिऱ्हाईक मांडणीपाशी थांबून म्हणते, "मावशी, मागच्या वेळचा मसाला जरा वेगळा लागला हो." यावर सहज येणारे उत्तर असते, "आमचा मसाला सगळे नावाजतात, ताई." उत्तर नम्र आहे, खोटेही नाही, पण बोलणे तेथेच संपले. ताई हसून पुढे जातील आणि परत येणार नाहीत. त्याऐवजी, "वेगळा म्हणजे कसा ताई, तिखटाला की वासाला? कधी नेला होता?" असे विचारले, तर कदाचित कळेल की रंग छान होता पण तिखटपणा कमी पडला. म्हणजे त्या खेपेस ब्याडगी मिरची जास्त आणि लवंगी कमी पडली होती. किंवा असे कळेल की पुडी पावसाळ्यात नेली होती आणि आठ दिवसांत वास गेला. मग दोष मिरचीचा नसून पुडीच्या तोंडाचा ठरतो. एकाच वाक्यामागे दोन अगदी निराळी कारणे, दोन निराळे उपाय. 'वेगळा लागला' या शब्दांवरून ते कळणे शक्य नव्हते.

अशी विचारपूस करताना स्वर महत्त्वाचा असतो. चौकशी उलटतपासणीसारखी वाटली की गिऱ्हाईक आवरते घेते. कारणे सांगण्याची घाईही टाळावी; वीज नव्हती, मिरची महागली, हे सारे खरे असले तरी ते गटाच्या बैठकीत बोलावयाचे. ऐकलेले पुन्हा एकदा आपल्या तोंडून म्हणून दाखवावे : "म्हणजे रंग चालला, तिखट हवे होते, असेच ना?" एवढ्याने अर्ध्या चुकभुली दुरुस्त होतात. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी 1957 मध्ये सक्रिय श्रवणाची जी मांडणी केली, तिचा गाभा याहून फारसा वेगळा नाही. गावातल्या अनुभवी सुईणीला आणि वैदूला तो पुस्तकाशिवायच ठाऊक होता.

ऐकलेले त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि ते गिऱ्हाइकाच्याच शब्दांत असावे. 'दर्जाविषयी तक्रार' अशी नोंद सहा महिन्यांनी वाचून काहीच बोध होत नाही. 'आठ दिवसांत वास गेला' ही नोंद बोलकी असते. शेजारच्या रकान्यात काय केले ते लिहावे. 'निकाली काढले' हा कार्यालयीन शब्दप्रयोग बचत गटांनी उचलू नये; त्यातून कागदाचे काय झाले ते कळते, माणसाचे काय झाले ते कळत नाही. महिन्याच्या बैठकीत कर्जफेडीच्या हिशेबाबरोबर ही वहीही वाचली जावी. वाचताना प्रत्येक सूचना मान्यच केली पाहिजे असे नाही. एकाला गोड हवे, दुसऱ्याला आंबट, तर लोणचे दोघांच्या मनासारखे होणार नाही. पण तेच वाक्य पाच निरनिराळ्या तोंडून आले असेल, तर ते बाजूला सारू नये.

शाळांतील ग्राहक मंडळांना येथे चांगले काम आहे. आठवीच्या मुलामुलींनी आठवडी बाजारात जाऊन, वजने पाहण्याबरोबरच, गिऱ्हाइके काय बोलतात आणि विक्रेते त्यावर काय उत्तरे देतात हे तासभर नुसते टिपून आणावे. वर्गात ती टिपणे वाचली की श्रवणाचा पाठ वेगळा घ्यावा लागणार नाही.

शेवटी एक छोटी, पण नेहमी राहून जाणारी बाब. वेष्टनबंद मालाविषयीच्या 2011 च्या नियमांनुसार, तक्रारीसाठी कोणाशी संपर्क साधावा त्या व्यक्तीचे वा कार्यालयाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक पुडीवर छापावा लागतो. नियम पाळायचा म्हणून गट एखादा क्रमांक छापून टाकतात. तो पुष्कळदा अध्यक्षताईंच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाचा असतो आणि पुण्याहून कोणी फोन केला तर मसाल्याबद्दल त्याला काहीच सांगता येत नाही. दुपारच्या ठरलेल्या वेळात फोन कोणी घ्यावयाचा, वही कोणाकडे राहील आणि ती बाई परगावी गेली तर तिच्या जागी कोण, हे पुडी छापावयास देण्यापूर्वी बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहून ठेवावे.